मोठ्या तलावात स्पिअरफिशिंगसाठी जागा कशी शोधायची

स्पिअरफिशिंग म्हणजे पाण्यात बुडी मारून भाल्याने मासा मारणं. पहिल्या मोसमात मी काय करायचो ते आधी सांगतो. गाडी जिथे लावता येते तिथूनच पाण्यात उतरायचं, भाला हातात, आणि काठाकाठाने पोहत सुटायचं, दोन-दोन तास. खाली नुसता राखाडी गाळ, मधूनच एखादी बाटली, बोटाएवढी पिल्लं. असे सहा-सात रविवार गेले आणि मला खात्रीच वाटायला लागली की या तलावात मोठा मासा नाहीच. मासे होते. मी ज्या काठाला पोहत होतो तो सगळा सपाट चिखल होता, तिथे मोठ्या माशाने थांबावं असं काही नव्हतंच.

मोठ्या तलावाचा बराचसा भाग असाच मोकळा असतो. मासा थांबतो तो हद्दीवर. उथळ संपून खोल सुरू होतं तिथे, गवत संपून मोकळं पाणी लागतं तिथे, खडक संपून वाळू, गढूळ संपून निवळ, गरम संपून गार. आणि अशा दोन-तीन हद्दी एकाच ठिकाणी आल्या तर ती जागा सोडायची नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं या हद्दी कशा शोधायच्या याबद्दलच आहे, ज्या क्रमाने मी आता करतो त्याच क्रमाने.

१. आधी परवानगी, मग पाणी

हा भाग कंटाळवाणा आहे पण वगळू नका. गळाचं लायसन्स आहे म्हणजे भालाही चालतो असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी भाल्याचे नियम वेगळे असतात आणि गोड्या पाण्यात ते समुद्रापेक्षा कडक असतात. कुठे भाला पूर्णच बंद, कुठे फक्त कॉमन कार्पसारख्या बाहेरून आलेल्या जातींवर चालतो, कुठे ठरावीक महिनेच, कुठे रात्री मनाई, आणि बऱ्याच ठिकाणी स्कूबाचा सिलेंडर लावून मासा मारता येत नाही, दम धरूनच मारायचा. तलाव दोन राज्यांत किंवा दोन देशांत पसरलेला असेल तर या टोकाचा नियम त्या टोकाला लागू होत नाही. पिण्याच्या पाण्याचे जलाशय तर कित्येकदा पोहण्यासाठीही बंद असतात.

तुमच्या भागातल्या मत्स्य विभागाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मला एकदा तोंडी "हो हो, चालतं" असं सांगितलं गेलं आणि काठावर गस्तवाल्याने अडवलं तेव्हा दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं, तो अख्खा दिवस गेला.

सोबत ठेवायचे कागद, वॉटरप्रूफ पाकिटात:

- मासेमारीचं लायसन्स, आणि भाल्याची वेगळी परवानगी लागत असेल तर तीही
- कुठल्या जाती, किती लांबीच्या वर, दिवसाला किती, याची छापील यादी
- बंद क्षेत्रांचा नकाशा (प्रजननाच्या जागा, पोहण्याचे पट्टे, धरणाभोवतीचा भाग)
- ओळखपत्र, आणि बोट असेल तर तिचे कागद

२. नकाशा घरी बसून वाचा

खरी शोधाशोध इथेच होते. तलावाच्या खोलीचा नकाशा मिळवा. पुष्कळ मोठ्या तलावांचे असे नकाशे छापील किंवा मोबाइल ॲपवर मिळतात. त्यावर सारख्या खोलीच्या रेषा असतात. रेषा एकमेकींना खेटून असतील तर तिथे तळ धाडकन खाली जातो, लांब लांब असतील तर सपाट. मी नकाशाची प्रिंट काढतो आणि तीन गोष्टींना पेनने गोल करतो.

एक, जमिनीची नाकं. काठाचा जो सुळका पाण्यात शिरतो तो पाण्याखालीही पुढे जातो, आणि दोन्ही बाजूंना खोल असल्यामुळे मासा तिथून ये-जा करतोच करतो. दोन, पाण्याखालचे उंचवटे, म्हणजे चहूकडे १५ मीटर खोल आणि मधेच ५ मीटर खोलीपर्यंत वर आलेली टेकडी. काठावरून त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून तिथे माणसांचा त्रासही कमी. तीन, ओढा किंवा नदी तलावाला मिळते ती जागा, आणि तिथून आत गेलेली खोल चर.

धरणाचा जलाशय असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण खाली जुनी जमीन आहे तशी बुडालेली असते. धरण बांधायच्या आधीचा जमिनीचा नकाशा मिळाला तर जुनं नदीपात्र, रस्ता, पूल, दगडी बांध, झाडीचे पट्टे, सगळं त्यात सापडतं. आणि एक सोपी युक्ती आहे: गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांच्या उपग्रह प्रतिमा बघता येतात, त्यातली दुष्काळाच्या वर्षातली, पाणी आटलेली प्रतिमा शोधा. आज जे पाच मीटर पाण्याखाली आहे ते तिथे उघडं पडलेलं दिसेल, एकेक बांध मोजता येईल इतकं. मला माझी सगळ्यात चांगली जागा अशीच सापडली, एक पडका दगडी बांध, पुढे जाऊन जुन्या ओढ्याच्या काठावर संपलेला.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. जलाशयाच्या नकाशावरची खोली साधारणपणे तलाव पूर्ण भरलेला धरून दिलेली असते. पाणी ४ मीटरने उतरलं असेल तर नकाशावरची ७ मीटरची जागा आज ३ मीटर आहे. निघायच्या आधी पाणीपातळी बघा आणि वजाबाकी करा. पातळी वाढतेय की उतरतेय हेही बघा, वाढत असेल तर मासा नव्याने बुडालेल्या गवतात घुसतो, उतरत असेल तर उथळातून निघून पहिल्या खोल उतारावर येऊन थांबतो.

३. पाणी किती निवळ आहे ते मोजा

काठावरून पाणी निवळशंख दिसतं आणि आत उतरल्यावर हाताची बोटं दिसत नाहीत, असं नेहमी होतं. म्हणून अंदाज करू नका, मोजा. यासाठी सेक्की डिस्क म्हणून साधी गोष्ट आहे, इटलीच्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली ही पद्धत वापरात आणली आणि अजूनही जगभर तीच चालते, अमेरिकेतल्या टाहो सरोवरात तर १९६८ पासून याच पद्धतीने नोंदी ठेवतायत. २० सेंटिमीटरची गोल तबकडी घ्या, चार भाग करा, आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा, वर दोरी, दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ. बोटीच्या सावलीच्या बाजूने खाली सोडा, दिसेनाशी होते ती गाठ लक्षात ठेवा, मग वर ओढताना परत दिसते ती गाठ बघा, दोन्हींच्या मधली खोली म्हणजे तुमचा आकडा. मोजायचं ते भर दुपारच्या आसपास.

माझा नियम असा आहे की आकडा दीड मीटरच्या खाली असेल तर भाला गाडीतच राहतो. पाण्यात गेल्यावर आडवं किती दिसतं ते वेगळं तपासा, सोबत्याला फ्लोटची (आपल्यासोबत पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाची) दोरी धरून लांब जायला सांगा आणि तो कधी दिसेनासा होतो ते बघा. माशाच्या पलीकडे काय आहे हे दिसत नसेल तर भाला सोडायचा नाही, इतकं स्पष्ट दिसणं मला किमान लागतं.

मोठा पाऊस झाला की ओढ्यांच्या तोंडाशी जाऊ नका, गाळ तर येतोच, शिवाय वाहून आलेल्या घाणीमुळे पाणी आजारी पाडणारं असतं. आणि पाण्यावर हिरव्या ऑइल पेंटसारखी साय आली असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, त्यात विषारी प्रकार असतात, त्या दिवशी तिथे उतरू नका आणि तिथला मासाही खाऊ नका.

४. वारा कुठून येतोय, आणि किती दिवसांपासून

नवीन लोक फक्त आजचा वारा बघतात. मोठ्या तलावात गेल्या दोन-तीन दिवसांचा वारा महत्त्वाचा असतो. एकाच दिशेने वारा वाहत राहिला की वरचं गरम पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव पलीकडच्या काठाला ढकलले जातात, त्यांच्यामागे बारके मासे, बारक्यांमागे मोठे. म्हणजे खाणं त्या काठाला असतं, पण लाटा आपटून गढूळही तोच काठ होतो. वारा जिथून येतो त्या काठाला पाणी शांत आणि निवळ, खालून गार पाणी वर आलेलं, आणि मासा कमी.

मग जायचं कुठे? लाटा आपटणाऱ्या बाजूलाच, पण मातीचा काठ सोडून खडकाळ काठ शोधायचा, कारण खडकाला ढवळायला माती नसते. किंवा मातीच्या काठापासून थोडं आत, जिथे गढूळ पट्टा संपतो आणि निवळ पाणी सुरू होतं तिथे. वरून ही रेघ चहात दूध ओतल्यासारखी दिसते. शिकारी मासा त्या रेघेच्या आत तोंड लपवून बाहेर बघत असतो, तुम्ही निवळ बाजूने हळू या. मात्र लाटा इतक्या असतील की स्नॉर्केलमध्ये, म्हणजे श्वासाच्या नळीत, पाणी भरतंय, तर परत फिरा, मोठ्या तलावात वाऱ्याविरुद्ध पोहत परत येणं फार जड जातं.

५. गार थर ओळखा

उन्हाळ्यात खोल तलावाचं पाणी थरांत वाटलं जातं. वर गरम, खाली गार, आणि मधे एक पट्टा जिथे तापमान झपाट्याने उतरतं, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. तुम्ही बुडी मारता, कोमट पाण्यातून जाता, आणि अचानक कपाळाला फ्रिज उघडल्यासारखा गारठा लागतो. तिथे नीट बघा, पाणी थरथरताना दिसेल, साखरेचा पाक पाण्यात विरघळताना जशा रेषा हलतात तसं, आणि पुष्कळदा त्या थरावर बारीक कण साचून धुकंही धरलेलं असतं.

पोषक, हिरवट तलावात या थराखाली ऑक्सिजन संपत आलेला असतो, त्यामुळे मासा थराच्या थोडा वरच राहतो. मग तुमचं काम सोपं होतं. थर ७ मीटरवर लागला तर नकाशावर जिथे उतार, उंचवटा किंवा झाड ५ ते ७ मीटरमध्ये येतं तेवढंच बघायचं, बाकी तलाव विसरा. स्वच्छ, गार, खोल सरोवरांत मात्र खालीही ऑक्सिजन असतो आणि ट्राउटच्या जातीचे मासे तिथे राहतात, पण तेवढ्या खोलीवर जाणं नवख्याचं काम नाही.

आणखी एक, हा थर रोज एकाच खोलीवर नसतो. जोराच्या वाऱ्याने तो कलतो आणि वारा पडल्यावर झोक्यासारखा मागे-पुढे होत राहतो, मोठ्या तलावात कित्येक दिवस. काल ८ मीटरवर होता म्हणून आज तिथेच असेल असं धरू नका, प्रत्येक वेळी पहिल्या बुडीत शोधा. थंड प्रदेशात शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन खाली जातं, सगळा तलाव ढवळला जातो आणि मासे पांगतात, त्या दिवसांत थराचा हिशोब उपयोगाचा नाही.

६. पहिली फेरी भाल्याशिवाय

नकाशावर गोल केलेल्या जागांवर पहिल्यांदा जाल तेव्हा भाला नेऊच नका. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. पण हातात भाला असला की नजर फक्त मासा शोधते, तळ वाचत नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ चांगली, ऊन वरून पडतं आणि आतपर्यंत पोचतं. सूर्य पाठीशी ठेवून पोहा.

काय बघायचं:

- गवताची बाहेरची कड. पाणवनस्पती जिथे संपतात तिथपर्यंतच पुरेसा प्रकाश पोचतो. ही कड सरळ असेल तर पुढे जा, जिथे खाच पडलीय किंवा गवताचा कोपरा बाहेर आलाय तिथे थांबा. पाइक नावाचा शिकारी मासा असलेल्या तलावात तो अशाच खाचेत, शेपटी गवतात आणि तोंड बाहेर, न हलता उभा असतो.
- कार्पच्या खुणा. मऊ तळावर वाटीएवढे खळगे, मुळासकट उपटलेलं गवत वर तरंगतंय, आणि तळातून उठलेले गाळाचे धुरासारखे लोट. लोट कापसासारखा घट्ट असेल तर मासा आत्ताच गेलाय, विरळ होऊन पसरला असेल तर वेळ झाला.
- वाळूत ताटाएवढे स्वच्छ गोल खड्डे, ओळीने. टिलापिया असलेल्या तलावात ही त्याची घरटी असतात. भाल्याची परवानगी असली तरी देशी जातीच्या माशाला घरट्यावर मारू नका, पिल्लं त्याच्या राखणीवर जगतात.
- ओंडके, कपारी, दगडांची रास. कॅटफिश दिवसा इथे दडून असतो. आत वाकून बघा, पण हात किंवा डोकं आत घालू नका.
- बारक्या माशांचा थवा अचानक दुभंगला तर तिकडेच बघत राहा.

अशा प्रत्येक जागेचं जीपीएस लोकेशन फ्लोटवरच्या वॉटरप्रूफ पाकिटातल्या फोनमध्ये साठवा, आणि काठावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत कशा येतात तेही बघून ठेवा. फोन बंद पडतो, झाड आणि टेकडी जागेवर असतात.

७. सामान, आणि तलावात काय बदलतं

मास्क, स्नॉर्केल, लांब फिन्स (पायात घालायची वल्ही), पाण्याच्या तापमानाप्रमाणे ३ किंवा ५ मिलिमीटरचा वेटसूट, झटकन सुटणारा वजनाचा पट्टा, हातमोजे, फ्लोट आणि डायव्हरचा झेंडा (खाली माणूस आहे हे बोटींना कळण्यासाठी), शिट्टी, सुरी. कपारींसाठी टॉर्च. भाला म्हणाल तर नवख्यासाठी पोल स्पिअर, म्हणजे मागे रबर लावलेला हातभाला, तलावात पुरेसा होतो. स्पिअरगन, म्हणजे भाला सोडणारी बंदूक, घ्यायचीच तर आखूड घ्या, ६० ते ९० सेंटिमीटरची, गढूळ पाण्यात लांब गन वळतच नाही. पाण्याबाहेर गन कधीही भरायची नाही, एकदाही नाही.

समुद्रातून आलेल्यांनी पट्ट्यावरचं वजन कमी करा. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के हलकं असतं, त्यामुळे सामानासकट ८० किलो भरणाऱ्या माणसाला सुमारे २ किलो वजन कमी लागतं. उतरायच्या आधी उभं राहून सगळा श्वास सोडून बघा, तरीही तुम्ही तरंगत राहिला पाहिजेत. मास्कमधून मासा खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठा आणि एक चतुर्थांश जवळ दिसतो, म्हणून सुरुवातीचे सगळे नेम आखूड पडतात. टप्प्यात आलाय असं वाटलं की अजून थोडं थांबा. आणि समोर खडक असेल तर भाला उलटा येऊ शकतो, कोन बदला.

८. या जागा चांगल्या दिसतात, पण जाऊ नका

धरणाची भिंत, दरवाजे आणि पाणी खेचणारी तोंडं. खोल, सावली, मासे भरपूर, आणि आत ओढलं गेल्यावर सुटका नाही. बोटींचा रस्ता आणि जेट्टीचा परिसर, तिथे झेंडा असला तरी भरवसा नाही. मगर असलेले तलाव, याबद्दल चर्चाच नको. आफ्रिकेतल्या काही सरोवरांत, मलावी आणि व्हिक्टोरियासकट, काठच्या उथळ पाण्यातून बिलहार्झिया या रोगाचा परजीवी अंगात शिरतो, तिथे जाणाऱ्याने आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि बुडालेली झाडं. ती मला सगळ्यात आवडतात आणि त्यांचीच सगळ्यात भीती वाटते. एकदा ४ मीटरवर एका झाडाच्या फांदीखाली बघताना डाव्या फिनला काहीतरी हलकंसं ओढलं. मागे वळलो तर काहीच दिसेना, आणि पाय तर निघेना. नायलॉनचं जुनं जाळं होतं, कुणाचं तरी तुटून अडकलेलं, पाण्यात ते दिसतच नाही, फक्त त्यावर साचलेल्या गाळाची एक फिकट रेघ दिसली. सुरी पोटरीला बांधलेली होती, नेमक्या अडकलेल्या पायाच्या. ती काढेपर्यंत वरून माझा सोबती आला आणि त्याने कापलं. त्या दिवसापासून सुरी पट्ट्याला, पोटाशी, दोन्ही हातांना मिळेल अशी. झाडीत शिरायच्या आधी वरून एक चक्कर मारून घ्या, जाळं असेल तर पुष्कळदा अडकलेला मेलेला मासा किंवा थर्माकोलचा तुकडा दिसतो.

९. दम आणि सोबती

एकट्याने जायचं नाही. जागा कितीही उथळ असली तरी नाही. एक खाली, एक वर, आणि वरच्याची नजर खालच्यावर, असंच चालतं. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथे फुप्फुसातला ऑक्सिजन पुरेसा वाटतो, वर येताना दाब निम्मा होतो आणि शेवटच्या काही मीटरमध्ये माणूस काहीही जाणवू न देता बेशुद्ध पडू शकतो. बुडीच्या आधी जोरजोरात श्वास घेऊन दम वाढवायला जाऊ नका, त्याने ऑक्सिजन नावापुरताच वाढतो, श्वास घ्यावासा वाटायला लावणारा कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो, म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. जितका वेळ खाली होतात त्याच्या किमान दुप्पट वेळ वर थांबा. वर आलेल्या सोबत्याकडे अर्धा मिनिट तरी बघत राहा, कित्येक जण वर येऊन एक श्वास घेतल्यानंतर बेशुद्ध पडतात. फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे दम धरून बुडी मारण्याचा, छोटा कोर्स करा, भाल्याआधी पैसे त्यात घाला.

१०. निघताना, आणि घरी

दुसऱ्या तलावात जाण्याआधी वेटसूट, फिन्स, फ्लोट, बोट, सगळं धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवा. झेब्रा मसल नावाचा बारका शिंपला १९८० च्या दशकात जहाजांनी तोल राखायला भरलेल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये पोचला आणि पुढे लोकांच्या बोटींना चिकटून कुठल्या कुठे पसरला.

मग वही. तारीख, पाणीपातळी, मागच्या तीन दिवसांचा वारा, सेक्कीचा आकडा, गार थर किती मीटरवर, कुठला मासा कुठल्या हद्दीवर दिसला. मासा मिळाला नाही त्या दिवशी तर नक्की लिहा. माझ्या त्या पडक्या बांधाची दोन मोसमांची पानं एकदा समोरासमोर ठेवली तेव्हा कळलं की मासा मिळालेले सगळे दिवस वारा सलग दोन दिवस पश्चिमेचा असतानाचे होते, आणि पातळी उतरत असताना. आता वारा पूर्वेचा असला की मी तिकडे जातच नाही, सरळ पलीकडच्या खडकाळ नाकाला जातो.